माया सोडावी ती दीड इंच

हे व्रत कोणीही करावं. स्त्रियांनी करावं, पुरुषांनी करावं, निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी तर अवश्य करावं. काळ म्हणाल तर दिवाळीची आवराआवर संपल्यानंतरची कुठलीही दुपार. कारण आवरतानाच आजीचं शिलाई मशीन पुन्हा दृष्टीस पडलेलं असतं. प्रस्तुत लेखकाच्या नाशिकच्या पंचवटीतल्या घरी ते बैठकीच्या खोलीतच होतं, पण त्यावर आधी टीव्ही होता, मग रद्दी, मग चंदनाच्या हारातले आजोबा. खाली लोखंडी पायडल आहे हे फक्त अंधारात नडगी आपटलेल्यांना ठाऊक होतं.

संकल्प मोठ्याने सोडू नये. ‘यंदा सगळ्यांचे कपडे मी घरीच शिवणार’ असं चारचौघांत म्हटलं, की भाचीचा परकर, बहिणीचा ब्लाउज आणि शेजारच्या काकूंच्या पडद्यांची मापं संध्याकाळपर्यंत घरी येतात. कोणी टोकलंच, तर यंत्रांविषयी इतकं कडक बोलणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिलाई मशीनला आपल्या आक्षेपातून सूट दिली होती, एवढं सांगून विषय बदलावा. सिंगरने हे यंत्र बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून बनवलं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात सिंगरसाहेबांचे संसार एकाहून अधिक होते आणि मुलं वीसच्या वर. तेव्हा शिवणकामाचा निकड म्हणून विचार केला, तरी हिशेब जुळतोच.

साहित्य आणायला मेन रोडने कापड पेठेत जावं. तिथे ‘दोन वार द्या’ म्हणू नये. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालचा, पण आपल्या घरात आजी अजून वारात बोलते आणि दुकानदार मीटरमध्ये फाडतो. वार छत्तीस इंचांचा, मीटर साधारण सव्वाएकोणचाळीस इंचांहून थोडा जास्त. या सव्वातीन इंचांत कित्येक बाह्यांचं भवितव्य ठरलेलं आहे. शिवाय टेपला दोन बाजू असतात, एकीकडे इंच आणि दुसरीकडे सेंटिमीटर. प्रस्तुत लेखकाने छाती इंचांत आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन शिवलेला पहिला झब्बा पुढे चुलतभावाच्या बाळाला बारशाला झबलं म्हणून दिला. खूप कौतुक झालं.

पहिल्या प्रयोगाला येवल्याची पैठणी घेऊ नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण ‘आईची जुनी आहे, फाटलीच आहे’ असं म्हणत कात्री उचललेले हात आम्ही पाहिले आहेत. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मालेगाव आहे, तिथे पॉवरलूम रात्रंदिवस खडखडत असतात. तिथलं साधं सुती कोरं कापड घ्यावं आणि बेतण्याआधी रात्रभर पाण्यात घालावं. ही पायरी सगळे गाळतात. मग कापड जे आटायचं ते शिवून झाल्यानंतरच्या पहिल्या धुण्यात आटतं, आणि आपण दोष देतो मिसळीला.

कात्रीविषयी थोडं कठोर व्हावं लागतं. कापडाची कात्री ही फक्त कापडाची. तिने एकदा दुधाची पिशवी कापली की ती बाटली. नंतर ती कापड कापत नाही, चावते. आमच्या घरात कात्रीवर लाल दोरा बांधून ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीच्या कडा कोणीतरी त्याच कात्रीने कापून सरळ केल्या.

आता सुई. हातसुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं पुढच्या टोकाला. अशी उलटी सुई आणि खालचं शटल यांच्या जोडीवर एलियस हाऊ नावाच्या अमेरिकन माणसाला १८४६ साली पेटंट मिळालं. सप्तशृंग गडाच्या वाटेवर डोंगरात आरपार नेढं दिसतं. चाळिशी उलटलेल्या डोळ्यांना खरं तर तेवढंच नेढं झेपतं. ज्यांना त्याहून लहान ओवायचं आहे त्यांनी दोरा दातांनी न तोडता कात्रीने तिरका कापावा आणि सुईमागे पांढरा कागद धरावा. सुईला एका अंगाने लांब खोबण असते. दोरा खोबणीच्या बाजूनेच आत जातो. उलट ओवला तर मशीन रागावत नाही, फक्त टाके गाळतं. साध्या सुतीला चौदा नंबर, मलमलीला अकरा. आणि सुई दर दोन-तीन कपड्यांनी बदलावी. बोथट सुई कापडातून जाताना टक-टक असा आवाज करते. हा आवाज ऐकून लेखकाने मशीनमध्ये तेल घातलं, मग जास्त तेल घातलं, मग पट्टा बदलला. शेवटी काकू खिडकीतून म्हणाल्या, “अहो, पाच रुपयांची सुई बदला ना!”

दोरा ओवताना दाबाचा पाय वर असावा, नाहीतर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या राहतात आणि दोरा त्यांच्या मधे बसतच नाही. मग खालच्या अंगाला केसांचा गुंता निघावा तशी गाठोडी निघतात. नवशिका लगेच बॉबिन काढतो, फुंकर मारतो, शटलला शिव्या देतो. लक्षात ठेवावं, खाली गुंता दिसला की चूक बहुधा वरच्याची असते. सरकारी कचेरीत चकरा मारलेल्या नाशिककरांना हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही.

मशीन हाती येईपर्यंत दोऱ्याविनाच चालवावं. मुलांच्या वहीचा रेघी कागद दाबाच्या पायाखाली घालून रेघेवरून टीप मारत जावी. सुई नुसती भोकं पाडते. सरळ भोकं सरळ मनाची खूण. आमच्या कागदावरची भोकं गोदावरीसारखी होती, त्र्यंबकला निघाली आणि कुठे कुठे वळत गेली. कारण एकच, आपण कापड ओढतो. खालचे दाते ते आपण होऊन पुढे नेतात. हातांनी फक्त दिशा द्यायची. पायडल उलटं फिरलं की दोरा तुटतो, म्हणून आधी हाताने चाक आपल्याकडे फिरवावं, मग पाय टाकावा. सुरुवातीच्या चार टाक्यांना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवावीत.

यापुढचा भाग तत्त्वज्ञानाचा आहे. आपल्या संतांनी जन्मभर सांगितलं, माया सोडा. शिंपीही तेच सांगतो, पण त्याचा अर्थ नेमका उलटा. त्याच्या भाषेत माया सोडणं म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड राखणं, पुढे कधी उसवून सैल करता यावं म्हणून. ब्लाउजच्या दोन्ही कुशींना दीड इंच माया हवी. उशीच्या अभ्र्याला अर्धा इंच पुरते, कारण उशी जाड होत नाही. नवशिक्याचा पहिला अपराध हा की तो माप घेतो तेवढंच कापतो. मग मुंढा काखेत रुततो, हात वर होत नाही आणि बसमध्ये दांडा धरायची सोय उरत नाही. माणसाची कंबर स्थिर राहील असा विश्वास ज्याला वाटतो, त्याने लग्नाचे जुने फोटो पाहावेत.

ब्लाउजविषयी आणखी काय सांगावं? करू नये. किमान पहिलं वर्षभर करू नये. सप्तशृंगीच्या देवीला अठरा हात, तिच्या चोळीला तीन खण लागतात असं सांगतात, आणि ती वर्षानुवर्षं व्यवस्थित चढवली जाते. आमच्याकडे दोन हात, एक अस्तर आणि चार टक्स यांची सांगड बसेना. उजवी बाही डाव्या मुंढ्याला, तीही आतली बाजू बाहेर, अशी तीनदा लागली. २०१५च्या सिंहस्थात बेतलेला हा ब्लाउज पुढच्या सिंहस्थापर्यंत तयार होईल असा आमच्या सौभाग्यवतींचा अंदाज आहे. त्या गणितात पक्क्या आहेत.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी सरळ रेघांची कापडी पिशवी, बुधवारच्या बाजाराला न्यायला. मग अभ्रा. मग नाडीचा पायजमा, कारण नाडी सगळं सांभाळून घेते. प्रत्येक टिपेनंतर शिवण इस्त्रीने दाबावी. इस्त्री हा निम्मा शिंपी आहे. आणि अर्धं ब्लेड कायम जवळ असावं, कारण टिपा मारण्यापेक्षा उसवण्याचे तास जास्त भरतात. उसवताना गाणी म्हणावीत. वाद टाळावेत.

जे काही बिघडेल ते फेकू नये. नाशिकमध्ये खरा रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला. त्या दिवशी तिवंधा चौकातल्या पेशवेकालीन रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा (उडी) मारायला जाताना अंगावर काय आहे हे कोणी विचारत नाही. वाकडी कॉलर, तिरपा गळा, एक बाही पाव इंच आखूड, सगळं एका रंगात बुडून समान होतं. लेखकाचे तीन सदरे तिथेच सार्थकी लागले.

व्रताचं उद्यापन कसं करावं, हे विचारलं जातं. आमचं झालं ते असं. उरलेलं कापड मोजलं, दीड मीटर भरलं. काही नवं बेतायची हिंमत नव्हती, म्हणून मशीनचंच माप घेतलं: उंची, लांबी, रुंदी, इंचांत. दोन्ही कुशींना दीड-दीड इंच माया सोडली. कडा दुमडून टीप मारली, ती सरळ आली. कोपरे नीट बसले. काकू मुद्दाम बघायला आल्या, आतून उलटून शिवण पाहिली आणि ‘आता आलं हो तुम्हाला’ म्हणाल्या. आवरण मशीनवर इतकं चपखल बसलंय, की त्यानंतर ते काढायची कोणाला इच्छाच झालेली नाही. सध्या त्यावर आजोबा आहेत.