400 टन आणि एक सही

होंडुरासचा माजी राष्ट्राध्यक्ष हुआन ओरलांदो एर्नांदेझ याला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने जून 2024 मध्ये 45 वर्षांचा कारावास ठोठावला. 1 डिसेंबर 2025 रोजी तो सुटला. तोवर शिक्षा सुनावल्याला दीड वर्षही झाले नव्हते. अपिलात तो निर्दोष ठरला, असेही नाही. डोनाल्ड ट्रम्प यांनी माफीच्या आदेशावर सही केली आणि तुरुंगाचे दार उघडले.

गुन्हा किरकोळ नव्हता. 400 टनांहून अधिक कोकेन होंडुरासमार्गे अमेरिकेत पोचवण्याच्या कटात हा माणूस सामील होता, असे सरकारी वकिलांनी मांडले आणि ज्युरीने मान्य केले. त्या बदल्यात मिळालेल्या पैशावर तो निवडणुका लढला. कोलंबियाच्या डोंगरात कोकाची पाने खुडणारा शेतमजूर किंवा न्यूयॉर्कच्या गल्लीत पुड्या विकणारा पोरगा हे काम करू शकत नाही. त्यासाठी विमानपट्टीकडे डोळेझाक करणारे लष्कर, मालाच्या ट्रकपुढे चालणारी पोलिसांची गाडी, फितूर तुरुंगाधिकारी आणि सर्वांत वर राष्ट्राध्यक्ष लागतो. होंडुरासमध्ये हे सगळे होते.

एर्नांदेझचा भाऊ टोनी खासदार होता. त्याच्या मालाच्या विटांवर ‘टीएच’ असा त्याच्या नावाचा शिक्का मारलेला असे. मेक्सिकोतला तस्करांचा म्होरक्या एल चापो गुझमान याने 2013 च्या निवडणुकीसाठी टोनीच्या हाती 10 लाख डॉलर दिले, अशी साक्ष न्यायालयात झाली. ही साक्ष देणारा कोपान प्रांतातल्या एका गावाचा महापौर होता आणि त्याने स्वतः 56 खुनांमधला सहभाग कबूल केला होता. माजी राष्ट्रीय पोलिसप्रमुख हुआन कार्लोस बोनिया याला 19 वर्षांची शिक्षा झाली. एर्नांदेझच्या आधीच्या राष्ट्राध्यक्षाचा मुलगा फाबिओ लोबो याला 24 वर्षांची झाली. पोलिसप्रमुख, खासदार, महापौर, राष्ट्राध्यक्ष आणि राष्ट्राध्यक्षाचा मुलगा इतके सगळे एकाच धंद्यात सापडतात, तेव्हा ‘तस्करांनी सरकार पोखरले’ असे म्हणणे ही सरकारला दिलेली सवलत ठरते. हे सरकारच तस्करीचे वाहतूक खाते होते.

आणि जे हे बोलले, त्यांचे काय झाले?

जनरल हुलिआन अरिस्तिदेस गोन्सालेस होंडुरासच्या अमली पदार्थविरोधी विभागाचे प्रमुख होते. 8 डिसेंबर 2009 च्या सकाळी मुलीला शाळेत सोडून ते निघाले आणि राजधानी तेगुसिगल्पाच्या रस्त्यात मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. त्यांचे सहकारी आल्फ्रेदो लांदावेर्दे यांनी पोलिस आणि राजकारण्यांकडे जाहीर बोट दाखवले. 7 डिसेंबर 2011 रोजी त्यांनाही तसेच मोटारसायकलवरून येऊन मारले. गोन्सालेस यांच्या खुनाचा बेत पोलिस मुख्यालयातच, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बैठकीत शिजला, हे सांगणारी कागदपत्रे 2016 मध्ये वर्तमानपत्रांत आली. तोवर ती फाइल पोलिस खात्यात दाबून ठेवलेली होती. खुनाचा तपास खुनी खात्याकडेच होता.

टोनीच्या खटल्यात एका तस्कराच्या हिशेबाच्या वह्या पुरावा म्हणून आल्या. कोणाला किती पैसे गेले, याची नोंद त्यांत होती. ऑक्टोबर 2019 मध्ये टोनी दोषी ठरला. त्यानंतर आठ-नऊ दिवसांतच, वह्यांचा मालक होंडुरासच्या कडेकोट बंदोबस्ताच्या तुरुंगात मारला गेला. हल्लेखोरांसाठी दार उघडले गेले, हे तुरुंगाच्याच कॅमेऱ्यात दिसले. सरकारच्या ताब्यात, सरकारी कुलपाआड, सरकारच्या डोळ्यांदेखत.

या व्यवस्थेखाली सामान्य माणूस कसा जगत होता, ते एका आकड्यात येते. 2011-12 च्या सुमारास होंडुरासमध्ये दर लाख लोकांमागे वर्षाला 85 च्या आसपास खून होत होते. भारतात हा आकडा 3 च्या आत-बाहेर असतो. सान पेद्रो सुला हे शहर जगातले सर्वांत हिंसक शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये निर्वासितांचा जो मोठा जथा पायी अमेरिकेकडे निघाला, तो याच शहरातून. कडेवर पोरे घेऊन निघालेल्या त्या बायांना ट्रम्प यांनी आक्रमण म्हटले आणि सीमेवर सैन्य धाडले. त्या बाया ज्याच्या राज्यातून पळत होत्या, त्या एर्नांदेझशीच ट्रम्प सरकारचे सख्य होते.

हे सख्य नकळत झालेले नाही. होंडुरासची 2017 ची निवडणूक इतकी संशयास्पद होती की अमेरिका खंडातल्या देशांच्या संघटनेने (ओएएस) ती पुन्हा घ्या म्हटले. रस्त्यावर उतरलेल्यांपैकी 20 हून अधिक माणसे मारली गेली. वॉशिंग्टनने एर्नांदेझचा विजय मान्य केला. ऑगस्ट 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी न्यायालयाच्या कागदांत, 2013 मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेला माणूस कटातला साथीदार आहे, असे नोंदवले. पुढच्याच महिन्यात ट्रम्प सरकारने त्याच राष्ट्राध्यक्षाच्या सरकारशी करार केला: आश्रय मागणाऱ्या परदेशी लोकांना आम्ही होंडुरासमध्ये पाठवू. या करारावर सही करणाऱ्यांना न्यायालयातला कागद ठाऊक नव्हता, असे मी मानणार नाही.

आता ट्रम्प म्हणतात, हा खटला बायडेन सरकारने रचलेला डाव होता. तारखा पाहा. टोनीला अटक झाली 2018 मध्ये, तो दोषी ठरला 2019 मध्ये. दोन्ही वेळा राष्ट्राध्यक्ष ट्रम्पच होते. टोनीविरुद्ध उभ्या राहिलेल्या सरकारी वकिलांपैकी एक, एमिल बोव्ह, पुढे ट्रम्प यांचेच खासगी वकील झाले. डाव असेल तर तो त्यांच्या स्वतःच्या कारकिर्दीत मांडला गेला.

माफीची घोषणा झाली ती होंडुरासमधल्या मतदानाला दोन दिवस उरले असताना, आणि एर्नांदेझच्याच नॅशनल पार्टीच्या उमेदवाराला मते द्या, या आवाहनाच्या जोडीने. एका सार्वभौम देशाच्या मतदाराला यापेक्षा उघड दमदाटी करता येत नाही.

त्याच सुमारास कॅरिबियन समुद्रात आणि पूर्व प्रशांत महासागरात अमेरिकी लष्कर छोट्या बोटींवर क्षेपणास्त्रे डागत होते. सप्टेंबर 2025 पासून नोव्हेंबरअखेरपर्यंत 80 हून अधिक माणसे मारली गेली. त्यांच्यावर ना आरोपपत्र होते, ना त्यांना वकील मिळाला. बहुतेक बोटींत काय होते, ते बोटींबरोबरच बुडाले. ज्याच्याविरुद्ध साक्षी झाल्या, पुरावे तपासले गेले, ज्युरी बसली, निकाल लागला, तो मात्र आज मोकळा आहे. ज्या लढाईत बोटीवरचा खलाशी मारला जातो आणि राष्ट्राध्यक्ष सोडला जातो, ती कोकेनविरुद्धची लढाई नाही.

आपल्या मराठी वर्तमानपत्रांना एक विनंती आहे. त्या बोटींच्या बातम्या आपल्याकडे ‘अमली पदार्थ तस्कर ठार’ अशा मथळ्याने छापल्या जातात. अमेरिकी लष्कराने सांगितले, म्हणून छापले. कोणत्याही न्यायालयाने त्या माणसांना तस्कर ठरवलेले नाही. न्यायालयाने ठरवले ते एर्नांदेझला. तेव्हा त्या माणसांच्या नावापुढे तो शब्द पुराव्याशिवाय लावू नका, आणि एर्नांदेझच्या नावापुढून तो काढू नका.