बेचाळीस हजारांचा वाटाड्या

"ऐकलंस का रे? आमच्याकडे बेचाळीस हजारांचा वाटाड्या येतोय," तगरीची फांदी आपल्याकडे वाकवत काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या. तगर आमच्या अंगणातली, फुलं त्यांच्या देवाला आणि त्या बदल्यात साऱ्या शाहूपुरीच्या बातम्या मला, असा आमचा जुना व्यवहार आहे.

"कोण वाटाड्या?"

"अरे, तो गाडीला लावायचा जीपीएस. अण्णांना हवाय. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात. कण्हेरपासून कोयनेपर्यंत एकेक कालवा पायाखाली घातलेला माणूस, आणि रिटायर झाल्यावर ह्यांना रस्ते सापडेनासे झालेत!"

अण्णांनी दसऱ्याला जुनी हिमालयन मोटरसायकल घेतली, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. कारण ती स्टँडवर चढवायला रोज कुणाला तरी हाक मारतात. खात्यातलेच तिघे-चौघे निवृत्त मित्र जमवून सप्टेंबरात मनाली ते लेह करायचा बेत आहे. काकूंचं म्हणणं, जो माणूस गुडघ्याला पट्टा बांधून जिना उतरतो त्याने खारदुंगला चढू नये. पण त्यावर घरात दोनदा भांडण होऊन गेलं आहे, म्हणून सध्या तो विषय बंद.

"त्यांच्या त्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, गार्मिनचा झूमो एक्सटी घ्या. झालं! रात्री अकराला झूमो, सकाळच्या चहाला झूमो. मला आधी वाटलं, कुत्रा आणतायत."

"पण अण्णांनी एक जीपीएस आणला होता ना परवा?"

"तो ना!" काकूंनी परडी भिंतीवर ठेवली. म्हणजे मजकूर मोठा होता. "स्टँडजवळच्या दुकानात गेले आणि म्हणाले, गाडीचा जीपीएस द्या. त्याने दिला. अडीच हजार घेतले. काळी डबी, तिला ना पडदा ना आवाज. घरी आणून दोन तास उलटीसुलटी करत बसले. मग कळलं, ते गाडी चोरीला गेली तर शोधायचं यंत्र."

"ट्रॅकर. आत सिम असतं, गाडी कुठे आहे ते फोनवर कळवतं. चालवणाऱ्याला वाट दाखवत नाही. दुकानदाराचंही चुकलं नाही म्हणा, आपल्याकडे जीपीएस मागायला येणाऱ्या बहुतेकांना तेच हवं असतं. परत दिलात ना?"

"छे! मी देऊ देईन? त्याचं ॲप माझ्या फोनवर घातलंय." आवाज खाली आला. "काल म्हणाले, बँकेत जाऊन येतो. गाडी पोवई नाक्यावर मिसळीच्या दुकानासमोर पाऊण तास उभी. आल्यावर विचारलं, बँकेत तर्री जास्त होती का? चेहरा बघायला हवा होतास. पलीकडच्या वहिनींनीही दुकानाचा पत्ता विचारून घेतलाय."

मी मनातल्या मनात आमच्या हिचा फोन एकदा तपासायचं ठरवलं.

"ते राहू दे. तू गाडीवर हिंडतोस, म्हणून विचारते. हा बेचाळीस हजारांचा डबा करतो काय?"

झूमोची उगाच निंदा मला करवेना. वस्तू चांगली आहे. साडेपाच इंची पडदा भर दुपारच्या उन्हात वाचता येतो, हातमोजे घालून चालवता येतो, पावसात भिजला तरी बिघडत नाही, हँडलची धडधड सोसतो, आणि नकाशा त्याच्या पोटातच असतो. फोनची इथेच पंचाईत होते. पडद्यावर पावसाचा थेंब पडला की फोनला वाटतं बोट लागलं, आणि नकाशा मेढ्यावरून थेट मंगोलियात जातो. मे महिन्यात तर तापून मान टाकतो. चार्जिंग बंद, उजेड मंद.

"म्हणजे घ्यावा म्हणतोस?" काकूंचा चेहरा पडला.

"मिळणार कुठून तो?"

"जावईबापू आणतायत न्यू जर्सीहून. तिकडे 499 डॉलरला मिळतो म्हणे."

"मग आधी विचारा, नकाशा कुठला आहे. तिकडे विकायच्या यंत्रात उत्तर अमेरिकेचा घालून देतात. आपल्याकडचा वेगळा मिळवावा लागेल."

"म्हणजे लेहला उभं राहून न्यू जर्सीतले रस्ते बघायचे?"

"आणि काकू, एक निरोप त्यांना आजच्या आज द्या. त्याच कंपनीचं इनरीच म्हणून एक यंत्र असतं. डोंगरात अडकलं तर उपग्रहावरून मदतीचा निरोप पाठवणारं. तिकडे ते सर्रास वापरतात, म्हणून प्रेमाने घेऊन येतील. आपल्याकडे सरकारी परवान्याशिवाय ते जवळसुद्धा बाळगता येत नाही. परदेशी पाहुण्यांना त्यापायी विमानतळावर अडवलेलं आहे. उपग्रहाचं नुसतं ऐकणारं यंत्र चालतं. उपग्रहाशी बोलणारं चालत नाही."

"बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. अण्णांना सवय आहे," काकू म्हणाल्या. "पण ऐकतं म्हणजे काय रे? त्याला नेट नाही लागत?"

आता मुद्द्याची गोष्ट आली. जमिनीपासून वीस हजार किलोमीटरवर अमेरिकेचे उपग्रह फिरतात आणि प्रत्येक जण सारखा सांगत असतो, मी इथे आहे, माझ्या घड्याळात इतके वाजलेत. ते ऐकायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढतं. तीन उपग्रहांत जागा निघाली असती. पण खिशातल्या यंत्राचं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळापुढे अगदीच गबाळं, म्हणून ते सुधारून घ्यायला चौथा लागतो. ह्यात नेट कुठेच नाही, सिम नाही. पूर्वी सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक घातलेली असायची, शंभर मीटर इकडेतिकडे. 2 मे 2000 पासून अमेरिकेने ती काढून टाकली आणि तेव्हापासून हे प्रकरण गाडीवाल्यांच्या कामाचं झालं. आता रशियाचे, युरोपचे, चीनचे आणि आपल्या इस्रोचे नाविक असे आणखीही उपग्रह आहेत.

"आणि ह्याचं बिल कोण भरतं?"

"अमेरिकेच्या उपग्रहांचं? तिकडचे करदाते."

"मग आमची लेक तिथे टॅक्स भरतेच की! म्हणजे आमचा हक्कच आहे त्यावर." काकूंनी एक कळी तोडून परडीत टाकली. "तर मग फोनलाही ते फुकटच ऐकू येत असेल."

"येतं ना. नेट लागतं ते नकाशा दिसायला. नकाशा घरच्या वायफायवर आधी उतरवून घेतला की तेही लागत नाही. नाहीतर मनाली-लेहच्या वाटेवर मैलोन् मैल फोनला रेंज नाही, आणि लडाखात आपलं प्रीपेड सिम चालतच नाही. पोस्टपेड लागतं."

गूगलचा नकाशा असा उतरवून घेता येतो, पण नेट नसताना तो फक्त मोटारीचा रस्ता सांगतो, दुचाकीचा वेगळा रस्ता आणि ट्रॅफिक नाही. लेहला त्याने काही अडत नाही. तिथे फाटे फार नाहीत. ओस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स ही दुसरी सोय. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालतात. तो नकाशा जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून काढलेला, म्हणून कधी आडबाजूची पायवाटही त्यात सापडते आणि कधी चांगला डांबरी रस्ताही नसतो. मी दोन्ही ठेवतो.

"हे बरंय. लेकीने अण्णांना नवा आयफोन दिलाय, तोच बांधू या गाडीला."

"काकू, नका!" मी जवळजवळ ओरडलोच. "त्याचा कॅमेरा जाईल."

"कॅमेऱ्याचा काय संबंध?"

"फोटो हलू नये म्हणून भिंग आत नाजूकपणे तरंगतं ठेवलेलं असतं. मोठ्या इंजिनाची थरथर हँडलमधून येऊन ते बिघडतं. खुद्द ॲपलनेच 2021 मध्ये तसा इशारा दिलाय, मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलला फोन लावू नका, स्कूटर-मोपेडला लावलाच तर थरथर शोषून घेणारा माउंट घ्या. तुमच्याकडे जुना फोन नाही का पडलेला?"

काकू एकदम गप्प झाल्या. हे क्वचित घडतं.

"आहे," त्या हळूच म्हणाल्या. "अण्णांचाच. कॅमेरा गेलाय, स्पीकर फाटलाय. काल तो भोंगेवाला आला होता ना, जुने मोबाईल, बंद मोबाईल ओरडत? त्याला काढून ठेवलाय. प्लास्टिकचा टब देतो म्हणालाय. मोठा."

"टबाचा नाद सोडा. तोच तुमचा जीपीएस. कॅमेऱ्याचं काम नाही, सिम घालायचीही गरज नाही. फक्त पाठ फुगलेली नाही ना ते बघा. फुगली असेल तर बॅटरी बदलल्याशिवाय उन्हात न्यायचा नाही. आणि चार्जिंगची पिन घट्ट बसते का तेही."

"त्यापेक्षा नातवाचा टॅब? पडदा केवढा मोठा आहे."

"वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतोच, सिम नसलेल्या बऱ्याच टॅबमध्येही नसतो. शिवाय तो हँडलला लावला तर अण्णांना पुढचं चाक दिसायचं नाही."

मग मी खर्च सांगितला, आणि काकू बोटांवर मोजू लागल्या. बरा माउंट, खाली रबरी गादीचा, दोन-अडीच हजार. इथे कंजुषी करायची नाही. रस्त्याच्या कडेला मिळणारा दीडशेचा चिमटा पहिल्याच खड्ड्यात फोन सोडतो. गाडीच्या बॅटरीवरचा चार्जर पाच-सातशे. तो किल्लीच्या वायरवर घ्यायला मेकॅनिकला बजावायचं, म्हणजे गाडी बंद की चार्जर बंद. नाहीतर सकाळी बॅटरी झोपलेली. सगळं मिळून चार हजारांच्या आत.

"आणि तुझ्या गाडीला ते गोल घड्याळासारखं आहे, ते?"

ते माझ्या मीटिऑरवरचं ट्रिपर. रॉयल एनफिल्डने 2020 मध्ये आणलं. फोन खिशात, आणि डोळ्यांपुढे नुसता बाण, इतक्या मीटरवर डावीकडे. मला ते फार आवडतं, कारण त्यात बघत बसण्यासारखं काही नाही. हल्ली दहा हजारांच्या आतबाहेर चिनी पडदेही मिळतात, पावसात चालणारे. पण नकाशा त्यांना फोनच पुरवतो. खिशातला फोन मेला की पडदाही मेला. चांगला फोन खिशात सुरक्षित ठेवायचा असेल तर घ्यावा. अण्णांना गरज नाही.

"पोलीस धरणार नाहीत ना रे फोन लावला म्हणून?"

"1 ऑक्टोबर 2020 पासून नियम बदललाय. रस्ता बघण्यापुरता फोन चालतो, लक्ष विचलित होणार नाही असा. बोलत मात्र बसायचं नाही. मिसळ कुठे मिळते तेही चालवताना शोधायचं नाही."

काकू हसल्या, आणि लगेच गंभीर झाल्या. "ते अकोल्याकडचं आठवतं रे मला. नकाशा बघून रात्री गाडी थेट धरणात."

मलाही आठवतं. 2021 चा जानेवारी, पिंपळगाव खांड धरण. पुण्याहून कळसूबाईला निघालेली मंडळी. नकाशात पूल होता, आणि तो खोटाही नव्हता. पण पाणी चढलं की तो बुडतो हे नकाशाला माहीत नव्हतं. एक जण गेला. बेचाळीस हजारांचं यंत्र असतं तरी त्यानेही तोच पूल दाखवला असता, हे अण्णांना एकदा नीट सांगायला हवं. उपग्रह तुम्ही कुठे आहात ते सांगतो. पुढे रस्ता उघडा आहे का, ते चहाच्या टपरीवरच विचारायचं.

तेवढ्यात अण्णाच बाहेर आले, हातात फडकं. "काय चाललंय? झूमोबद्दल बोलताय?"

"झूमो रद्द," काकू म्हणाल्या.

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांचा टीए-डीए नामंजूर केलाय. मग खात्याच्या शिस्तीत एकेक हरकत आली. पावसाचं काय? फोन काढून खिशात ठेवायचा, ब्लूटूथवर हेल्मेटमध्ये आवाज ऐकायचा. रेंज नसताना सुरू केला आणि जागाच सापडली नाही तर? सापडते, पण वेळ लागतो. एरवी कुठला उपग्रह कुठे आहे हे फोन नेटवरून झटकन मागून घेतो, नेट नसलं की थेट उपग्रहाकडून ऐकत बसावं लागतं. सकाळी मोकळ्या आभाळाखाली फोन लावून ठेवायचा आणि मग चहा घ्यायचा. बिघडला तर? दुसरा फोन खिशात आहेच. झूमो बिघडला तर दुसरा झूमो आहे का?

"हं," अण्णा म्हणाले. खात्यात ह्याला मंजुरी म्हणतात.

"आणि उरलेल्या पैशांतून आधी टायर बदला," मी म्हटलं. "मागचा पार गुळगुळीत झालाय."

"टायर? कधी बघितलेस तू?" अण्णा.

"काल. पोवई नाक्यावर."

काकूंनी परडी उचलली आणि आत गेल्या. पाठोपाठ अण्णाही गेले. पुढचं मला ऐकू आलं नाही.

पण माझं मत विचाराल तर ते स्पष्ट आहे. जो वर्षातले कित्येक महिने ऊनपाऊस न बघता गाडीवर असतो, त्याने झूमो खुशाल घ्यावा, पैसे वसूल होतील. वर्षातून एखादी मोठी फेरी मारणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि भोंगेवाला तुमच्या गल्लीत आला, तर टब कितीही मोठा असला तरी खणातला जुना फोन आधी एकदा चालू करून बघा.