आपत्कालीन सराव यशस्वीरीत्या संपन्न

प्रति,
समस्त महाविद्यालयीन विद्यार्थिवर्ग यांस,


आपत्कालीन सराव, म्हणजे आग किंवा भूकंप झाल्याचे गृहीत धरून इमारत ठरावीक क्रमाने रिकामी करण्याची रंगीत तालीम, विद्यार्थिवर्गाने ज्या थंड डोक्याने मोडीत काढली आहे, त्याबद्दल त्याचे जाहीर अभिनंदन करणे क्रमप्राप्त आहे. नुकत्याच एका महाविद्यालयात झालेल्या सरावात भोंगा वाजताच निम्मा वर्ग कॅन्टीनकडे वळला, उरलेला जिन्यातच थांबून एकमेकांचे चित्रीकरण करू लागला, आणि ज्या मैदानात सर्वांनी जमून शिरगणती द्यावयाची होती तेथे राष्ट्रीय सेवा योजनेचे मोजके स्वयंसेवक व शिट्टी फुंकून दमलेले एक सर एवढेच उरले. सायंकाळी मात्र ‘आमच्या कॉलेजला आग’ ही रील, करुण पार्श्वसंगीतासह, सर्वांच्या मोबाईलवर पोहोचली होती. जिन्यात थबकलेला एक जण मागच्या सगळ्यांची वाट अडवतो आणि आगीत माणसे बहुधा ज्वाळांआधी धुरानेच गुदमरतात, ही क्षुल्लक बाब तिच्यात अर्थातच मावली नाही. वसतिगृहाच्या बादलीत सोडलेली कॉइल आणि दार उघडे राहावे म्हणून त्याला टेकवलेले अग्निशामक नळकांडे यांविषयी न बोललेलेच बरे.

सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये २४ मे २०१९ रोजी शिकवणी वर्गापर्यंत आग पोहोचली, वाट बंद झालेल्या मुलांनी वरून उड्या टाकल्या आणि २२ जणांचा बळी गेला, तेव्हा त्या चित्रफिती पाहून हळहळणाराही हाच वर्ग होता. इतक्या लवकर विसरण्याची लाज वाटली पाहिजे.

तथापि हे वळण त्याला लावले कोणी, हेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. ते फाइलीला लागतेही, पण मुलांनी तास बुडवून पळू नये म्हणून मागच्या जिन्याच्या जाळीदार दाराला ठोकलेले कुलूप तेवढ्याने निघत नाही, आणि सरावाच्या दिवशी तर किल्लीवाला शिपाई बँकेत गेला होता. तरीही ‘यशस्वीरीत्या संपन्न’ असा अहवाल छायाचित्रांसह गेला. थोरांनीच ज्याचे नाटक केले, ते सोडून पोरे वडापाव खायला गेली तर एकट्या त्यांना कसे झोडपावे?

तेव्हा विद्यार्थिवर्गास विनंती एवढीच, की पुढचा भोंगा वाजण्याआधी त्याने प्राचार्यांच्या दारात घोळक्याने उभे राहून ते कुलूप काढावयास लावावे, आणि त्याची रील जरूर काढावी.

कळावे.