पगारी देव

महाराष्ट्रातल्या सगळ्यात गाजलेल्या कामगार पुढाऱ्याला लोक नुसतं ‘डॉक्टर’ म्हणत. दत्ता सामंत खरोखरचे एमबीबीएस. घाटकोपरला दवाखाना, पेशंट बरेचसे दगडखाणीतले मजूर. त्यांना औषध देता देता डॉक्टर त्यांच्या मजुरीच्या भांडणात उतरले आणि दवाखाना मागे पडला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले अडीचेक लाख गिरणी कामगार संपावर गेले ते या डॉक्टरांच्या भरवशावर. त्या संपाचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक नाही ते आता त्या गिरण्यांच्या जागेवरच्या मॉलमध्ये कॉफी पीत आहेत. सांगायचं ते एवढंच, की एक डॉक्टर अडीच लाख कामगारांची युनियन चालवू शकतो, पण कॉर्पोरेट रुग्णालयातले अडीच डॉक्टर एकत्र बसून स्वतःच्या पगाराबद्दल साधा अर्ज लिहू शकत नाहीत.

कारण डॉक्टर कामगार नसतो. तो आधी देव असतो, मग साहेब असतो, आणि महिनाअखेरीला पगार कापून आला की फक्त दुःखी असतो.

केईएम रुग्णालय परळला आहे, म्हणजे ऐन गिरणगावात. भोंग्यांच्या आवाजात तिथे डॉक्टरांच्या पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या, पण भोंगा आपल्यासाठीही वाजू शकतो हे कुणाच्या मनात आलं नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मालकांशी झगडून गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. त्याच वस्तीतल्या रुग्णालयांत निवासी डॉक्टर आजही आठवड्याच्या सुटीची मागणी निवेदनात लिहितात. लोखंड्यांना जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, त्यामुळे ते निवेदन घ्यायला कुणी नाही.

नियम नाहीत असं मात्र समजू नका. नियम भरपूर आहेत. केंद्र सरकारने १९९२ साली निवासी डॉक्टरांसाठी आदेश काढला: सलग बारा तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, पाळीपाळीने साप्ताहिक सुटी. पुढे ‘निकडीच्या प्रसंगी’ अशी एक पळवाट ठेवली, आणि सरकारी रुग्णालयात निकडीचा प्रसंग नाही असा दिवस अजून उगवायचा आहे. मग २०२३ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पदव्युत्तर शिक्षणाचे नवे नियम आणले. त्यात तासांचा आकडाच दिला नाही, फक्त लिहिलं की विद्यार्थ्यांनी ‘वाजवी’ वेळ काम करावं, त्यांना ‘वाजवी’ विश्रांती मिळावी. आकडा असला की तो मोडल्याचं सिद्ध करता येतं. ‘वाजवी’ला कोण मोडणार? ते ठरवणार विभागप्रमुख, आणि त्यांनी स्वतःच्या काळात सलग तीन दिवस जागून काढल्याची गोष्ट तुम्ही दर सोमवारच्या राउंडला ऐकलेलीच असते.

कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका शिकाऊ डॉक्टरवर झालेल्या बलात्कार आणि खुनानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी छत्तीस छत्तीस तासांच्या ड्युट्यांना अमानवी म्हटलं. देशभर माना हलल्या. कृती दल नेमलं गेलं. त्या रात्री ज्यांची छत्तीस तासांची ड्युटी होती त्यांनी ही बातमी एकतिसाव्या तासाला मोबाइलवर वाचली असणार.

आता तुम्ही विचाराल, मार्ड आहे की. आहेच. निवासी डॉक्टरांची मार्ड आहे, सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांची मॅग्मो आहे. मार्ड संपावरही जाते. पण तिच्या मागण्यांची यादी वाचा. २०१९ च्या संपात स्टायपेंड वाढवण्याबरोबर दोन मागण्या होत्या: क्षयरोग झाला तर रजा मिळावी आणि बाळंतपणाची रजा मिळावी. टीबीच्या वॉर्डात काम करून टीबी घेतलेल्या माणसाने रजेसाठी संप करायचा! गिरणीतल्या बायकांसाठी मुंबई प्रांताने १९२९ सालीच प्रसूतीलाभाचा कायदा केला होता. शंभरेक वर्षांनी डॉक्टरीण तेच मागते, तेव्हा कामगार चळवळ फार पुढे गेली की डॉक्टर फार मागे राहिले, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याला एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांच्या जमावाने असं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. लागोपाठ आणखी हल्ले झाले. राज्यातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. ‘संप’ म्हणायचीही चोरी, म्हणून रजा. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना खडसावलं: कारखान्यातल्या कामगारांसारखे वागता, हे तुम्हाला शोभत नाही, काम करायचं नसेल तर राजीनामे द्या. हे ऐकून कामगारांनी वाईट वाटून घ्यायला हवं होतं, पण त्यांच्याकडे वेळ नव्हता. डॉक्टरांनी मात्र मान खाली घातली, कारण त्यांना मनातून ते पटलेलंच होतं. आपण कामगार नाही हे तर त्यांना आईवडिलांनी बारावीतच सांगितलं होतं. त्यासाठीच तर क्लासची फी भरली होती.

निवासी डॉक्टर नेमका आहे कोण, याचं उत्तर प्रश्न कोण विचारतंय यावर ठरतं. पगार मागितला की तो विद्यार्थी, म्हणून त्याला स्टायपेंड. रात्री तीन वाजता कॅज्युअल्टीत तो एकटाच डॉक्टर. संपावर गेला की अत्यावश्यक सेवेतला कर्मचारी, म्हणून संप रोखणारा मेस्मा कायदा. हॉस्टेलच्या खोलीत चौघे कोंबायचे असतील तेव्हा पुन्हा विद्यार्थी. ही हुशारी फक्त आपलीच आहे असा गर्व नको. अमेरिकेत १९७६ साली तिथल्या कामगार संबंध मंडळाने लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयाच्या खटल्यात ठरवलं की इंटर्न आणि रेसिडेंट हे मुख्यतः विद्यार्थी आहेत, त्यांना युनियनचा कायदेशीर हक्क नाही. तेवीस वर्षांनी, १९९९ मध्ये, बोस्टनच्या प्रकरणात त्याच मंडळाने ठरवलं की नाही, ते नोकरच आहेत. मधल्या तेवीस वर्षांत ज्यांनी रात्री जागवल्या ते काय होते, हे मंडळाने सांगितलं नाही.

त्या अमेरिकेत सॅनफर्ड मार्कस नावाच्या सर्जनने १९७२ साली सॅन फ्रान्सिस्कोत डॉक्टरांची युनियन काढली. तिच्या नावात दंतवैद्यही आहेत. तिथेही गंमत आहे. स्वतःचा दवाखाना असलेले डॉक्टर एकत्र येऊन दर ठरवू लागले तर तो मक्तेदारीविरोधी कायद्याखाली गुन्हा, म्हणजे त्यांनी युनियन केली तर ती व्यापाऱ्यांची टोळी. पगारी डॉक्टरने केली तर चालतं, फक्त त्याच्या हाताखाली माणसं नसावीत, नाहीतर तो व्यवस्थापक ठरतो. आता हाताखाली एकही माणूस नसलेला डॉक्टर दाखवा. तरीही तिथे डॉक्टर युनियनमध्ये जातात आणि अलीकडे जास्तच जातात, कारण दवाखाने विकून मोठ्या कंपन्यांच्या नोकऱ्या धरल्यावर त्यांना कळलं की मालक बदलला की माणसाचं वर्गभान फार लवकर जागं होतं.

आपल्याकडे मालक बदलला, भान नाही. आपला कॉर्पोरेट डॉक्टर पगारी आहे हे त्याच्या बायकोलाही सांगत नाही. तो ‘कन्सल्टंट’ असतो. त्याला पगार मिळत नाही, ‘प्रोफेशनल फी’ मिळते, दहा टक्के टीडीएस कापून. भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. करारात ‘एमजी’ म्हणजे किमान हमीची रक्कम असते आणि ती पहिल्या वर्षानंतर हळूच आटते. सकाळी नऊची हजेरी बोटाच्या ठशाने, रजा एचआरच्या मंजुरीने, आणि महिन्याच्या बैठकीत पंचविशीतला एमबीए विचारतो, सर, तुमच्या ओपीडीतून सर्जरीचं कन्व्हर्जन कमी का? गिरणीतल्या जॉबरने साच्यावर काम करणाऱ्याला असं विचारलं असतं तर खातं बंद पडलं असतं. सर मात्र म्हणतात, पुढच्या महिन्यात बघतो. मग बाहेर येऊन व्हॉट्‌सअॅप ग्रुपवर रागाचा इमोजी टाकतात. त्या ग्रुपमध्ये मेडिकल डायरेक्टर पण आहे हे लक्षात आलं की इमोजी डिलीट.

दंतवैद्याची तर बातच सोडा. बीडीएस झालेली मुलगी साखळी क्लिनिकमध्ये ‘असोसिएट’ म्हणून लागते. टक्केवारीवर. टक्केवारी कशाची? पेशंटने दिलेल्या रकमेतून आधी लॅबचा खर्च वजा, मग मटेरियल वजा, मग सवलतीचं कुपन वजा, आणि उरलेल्याचे टक्के. कॅप निघाली तर परत बसवायची फुकट, तीही तिनेच. खुर्ची मालकाची, कंबर तिची. तिला युनियनबद्दल विचारा. ती म्हणते, मी दोन वर्षांत स्वतःचं क्लिनिक टाकणारे. खरी गोम इथे आहे. आपल्या प्रत्येक पगारी डॉक्टरच्या डोक्यात एक भावी मालक बसलेला असतो, आणि तो आत्तापासूनच मालकाच्या बाजूने मत देतो.

इंडियन मेडिकल असोसिएशन १९२८ पासून आहे आणि तिच्यात सगळे आहेत: नर्सिंग होमचा मालक, त्याचा आरएमओ, आणि त्या आरएमओला कमी पगार का द्यावा लागतो हे समजावून सांगणारे ज्येष्ठ. वार्षिक स्नेहसंमेलनात सगळे एकाच पंगतीला. अशा संघटनेत आरएमओच्या पगाराचा ठराव मांडायचा तर अनुमोदन कोणाचं घ्यायचं? तिकडे ब्रिटिश मेडिकल असोसिएशन नोंदणीकृत ट्रेड युनियन आहे, दंतवैद्यांचीही तशीच आहे, आणि त्यामुळे तिथल्या कुणाचा स्टेथोस्कोप गळून पडलेला नाही. २०२३ मध्ये त्यांनी जाहिरात केली की कॉफीच्या दुकानातल्या पोराला तासाला चौदा पौंडांच्या वर मिळू शकतात आणि कनिष्ठ डॉक्टरला त्याहून एक पेनी कमी. हिशोब सगळ्यात नव्या डॉक्टरच्या मूळ पगाराचा होता, म्हणजे जाहिरातीत थोडं तिखट जास्त घातलं होतं. पण संपामागून संप झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दोन वर्षांची मिळून सरासरी २२.३ टक्के वाढ पदरात पडली. बोलणी करायला समोर मंत्री होता, आणि मंत्र्यासमोर कायद्याने मान्य युनियन होती. आपल्याकडे मार्डच्या पोरांना मंत्री भेटतात, ‘मुलांनो’ म्हणतात, आश्वासन देतात, आणि पुढच्या बॅचला ते आश्वासन वारसाहक्काने मिळतं. तीन वर्षांनी नेते पास होऊन निघून जातात. सरकारला फक्त तीन वर्षं थांबायचं असतं, आणि थांबण्यात सरकारचा हात कुणी धरणार नाही.

संपाचं म्हणाल तर तेही उलटंच आहे. गिरणीचा संप झाला की मालकाचं कापड अडायचं. सायन-केईएमचा संप झाला की महापालिकेचं काय अडतं? उलट औषधांची बचत. अडतो तो कल्याण-कसाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून आलेला पेशंट. म्हणजे ज्यांच्या संपाने मालकाला ओरखडाही उठत नाही ते संपावर जातात, आणि ज्यांनी एक दिवस ओपीडी बंद ठेवली तर मालकाच्या शेअरचा भाव हलेल, ते कन्सल्टंट कन्व्हर्जन वाढवत बसतात. त्याच केईएममध्ये वॉर्डबॉय आहे, आया आहे, सफाई कामगार आहे. त्यांच्या युनियन आहेत, आणि त्यांची ड्युटी संपली की ती संपते. पाळी सुटताना ते रेसिडेंटकडे ज्या नजरेने बघतात, तिच्यात दया असते.

कायदा काय म्हणतो? कायदा गोंधळलेला आहे, आणि त्या गोंधळावर कैक वकिलांची घरं उभी राहिली आहेत. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांनाही उद्योगाच्या व्याख्येत ओढलं. १९८२ साली संसदेने दुरुस्ती करून त्यांना बाहेर काढलं, पण ती दुरुस्ती अंमलात आणण्याची अधिसूचनाच काढली नाही. काढू काढू म्हणत कायदाच म्हातारा झाला. दरम्यान १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात ठरलं की शिक्षण देणं हे थोर काम असल्यामुळे शिक्षक ‘कामगार’ नव्हे. थोर म्हटलं की पगाराची तक्रार करायची सोय उरत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्यात धर्मादाय, समाजसेवी संस्था चालवत असलेल्या संस्था उद्योगातून वगळल्या आहेत. पुण्या-मुंबईतली कितीतरी बडी रुग्णालयं कागदावर धर्मादाय ट्रस्टच आहेत. गरिबांसाठी दहा टक्के खाटा राखून ठेवायची वेळ आली की त्यांना आपण धर्मादाय असल्याचा विसर पडतो. डॉक्टरांनी युनियन काढली की बघा कसं झटक्यात आठवेल.

आणि या सगळ्यात कायद्याने, शंभर टक्के, निर्विवाद कामगार कोण असावा? डॉक्टरच्या केबिनबाहेर बॅग घेऊन, टाय लावून तासभर ताटकळणारा एमआर! त्यालाही कोर्टाने आधी सांगितलं होतं की बाबा, तू कामगार नाहीस. त्याने थोरपणा मनावर घेतला नाही, भांडला, आणि १९७६ साली संसदेकडून औषध विक्री प्रतिनिधींसाठी स्वतंत्र कायदा करून घेतला. त्याची युनियन आहे, त्याचे संप होतात, त्याला काढायचं तर कंपनीला उत्तर द्यावं लागतं. तेव्हा डॉक्टरसाहेब, पुढच्या वेळी तो आत आला की त्याला उभ्या उभ्या कटवू नका. खुर्ची द्या, चहा मागवा, आणि सॅम्पलं बाजूला ठेवून त्याच्याकडून युनियनच्या घटनेची एक प्रत मागून घ्या. पावतीपुस्तक कुठे छापून मिळतं, तेही त्याला माहीत असतं.