तेच २६ टक्के

२०२४ च्या जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला तेव्हा महाराष्ट्रात भाजपला २६ टक्क्यांहून थोडी जास्त मतं होती आणि ४८ पैकी ९ खासदार. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला त्याच पक्षाला २६.७७ टक्के मतं पडली आणि २८८ पैकी १३२ आमदार निवडून आले. मतांचा वाटा जवळपास तेवढाच. जागांचा वाटा एक पंचमांशाच्या खाली होता, तो निम्म्याच्या जवळ गेला.

जूनमध्ये दोन्ही आघाड्यांना ४३-४४ टक्क्यांच्या आसपास मतं होती, तरी महाविकास आघाडीला ३० जागा आणि भाजपच्या महायुतीला १७. त्या रात्री गुलाल उधळणाऱ्यांपैकी कोणी ही पद्धत अन्यायाची आहे असं म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं नाही. नोव्हेंबरात गुलाल दुसऱ्या अंगणात गेला आणि मतदानयंत्र, मतदारयाद्या, संध्याकाळी पाचनंतर वाढलेली मतदानाची टक्केवारी, सगळं एकदम आठवलं.

शंका घेणं हा मतदाराचा हक्क आहे, हरल्यावर घेतली तरीही. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घ्यायचं ठरवलं. त्या मतदारसंघात गावकऱ्यांच्याच पसंतीचे उत्तम जानकर निवडून आले होते, पण गावातला आकडा लोकांना पटत नव्हता. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आणले, मतदान झालं नाही. हे साफ चुकलं. त्या मतदानाने कोणाची आमदारकी जाणार नव्हती. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या कशासाठी छापतो आपण? प्रत्येक विधानसभा मतदारसंघात फक्त पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या यंत्राशी ताडून बघतात. एखादं गाव मागणी करत असेल तर सहाव्या केंद्रावरच्याही त्याच्यासमोर मोजाव्यात. संशयाला काठीने उत्तर दिलं की तो दुप्पट होतो.

पण समजा, राज्यातली चिठ्ठी न् चिठ्ठी मोजली आणि सगळी जुळली. तरी काँग्रेसची १२.४२ टक्के मतं १६ आमदार देणार आणि शिंदे यांच्या शिवसेनेची १२.३८ टक्के मतं ५७. शरद पवारांच्या पक्षाला ११ टक्क्यांवर मतं आणि १० जागा, अजित पवारांच्या पक्षाला ९ टक्के आणि ४१. कोणी किती जागा लढवल्या यानेही टक्केवारी बदलते, हे खरं. काँग्रेसने शंभराच्या आसपास लढवल्या, शिंदे गटाने ऐंशीच्या. पण मुख्य कारण साधं आहे. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं, तो आमदार. बाकीच्यांची मतं तिथेच संपतात. साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी जिंकले. हरलेल्या बाजूच्या हजारो मतांना विधानसभेत काहीच मिळालं नाही.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. संविधान सभेत जानेवारी १९४९ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी केली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली: मतदार फारसे साक्षर नाहीत आणि तुकड्या-तुकड्यांच्या सभागृहात सरकार टिकणार नाही. त्या वेळी ते योग्यच होतं. आज पहिलं कारण उरलेलं नाही. दुसऱ्याबद्दल बोलायचं तर २०१९ ते २०२३ या काळात महाराष्ट्राने याच पद्धतीखाली पहाटेचा शपथविधी आणि फुटलेले पक्ष पाहिले आहेत. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात मधला मार्ग सुचवला होता: मतदारसंघ आहेत तसे ठेवा, २५ टक्के जागा वाढवा आणि त्या पक्षांना मतांच्या प्रमाणात द्या. पाण्याच्या टाकीसाठी ज्याच्या दारात जायचं तो आमदारही राहतो आणि हरलेलं मतही मोजलं जातं. त्या अहवालावर एकाही सत्ताधारी पक्षाने पुढचं पाऊल टाकलं नाही, कारण सत्तेत असतो त्याला आताची पद्धत पावलेली असते.

न्यूझीलंडमध्येही तसंच होतं. १९७८ आणि १९८१ साली लेबर पक्षाला जास्त मतं मिळूनही सत्ता नॅशनल पक्षाकडे गेली. पुढे आयोग बसला, त्याने मिश्र पद्धत सुचवली आणि दोन्ही मोठे पक्ष चालढकल करत राहिले. लोकांनी मात्र हा विषय सोडला नाही. १९९३ च्या सार्वमतात जवळपास ५४ टक्के मतदारांनी नव्या पद्धतीला कौल दिला आणि १९९६ ची निवडणूक त्याच पद्धतीने झाली.