तूरडाळ संपत आली, हे कुणाला ठाऊक असतं?

मंगल कार्यालयात रुखवताच्या टेबलाशी थोडा वेळ उभं राहा. कुकर, मिक्सर, इस्त्री, डब्यांचा उतरता सेट, पोळपाट-लाटणं, करंज्या-लाडवांची ताटं. अख्खं स्वयंपाकघर मुलीकडून आलेलं असतं. मुलाकडच्यांनी या टेबलावर काय मांडलं, असं कुणी विचारत नाही. संसाराची साधनं जिच्या माहेराहून आली तिनंच ती चालवायची, हा करार अक्षता पडायच्या आधीच झालेला असतो. त्यावर मुलाची सही घ्यावी असंही कुणाला वाटत नाही.

हा करार पहिल्या तीन महिन्यांत मोडावा, असं मला नव्यानं लग्न झालेल्यांना, त्यातही नवऱ्यांना, सांगायचं आहे. काम वाटून घ्यायला हवंच. पण त्याही आधी घर लक्षात ठेवणं वाटून घ्यायला हवं. पहिल्या तीन महिन्यांत ज्या गोष्टी एकीच्याच डोक्यात जाऊन बसतात, त्या पुढची तीस वर्षं तिथून हलत नाहीत.

वाकडला, कल्याणला, पनवेलला कितीतरी नवे संसार असे थाटले जातात: भाड्याचा वन बीएचके, दोघंही नोकरीला, पगार उन्नीस-बीस. मुलगा भला असतो. सकाळचा चहा करतो, रविवारी भांडी घासतो, पंखे पुसतो, सिलिंडर लावतो. कशालाच नाही म्हणत नाही. ‘तू फक्त सांग, मी करतो,’ हे त्याचं नेहमीचं वाक्य. तिच्या मैत्रिणी म्हणतात, नशीब काढलंस हो.

पण सांगायचं कुणी? सांगायचं तर आधी माहीत असावं लागतं. तूरडाळ डब्याच्या तळाला गेली आहे, उद्यापुरती होईल. विरजण लावायचं राहिलं तर उद्या दही नाही. मटकी आज सकाळी भिजत घातली तर रात्री बांधता येईल आणि उद्या मोड येतील. मावशी गुरुवारी येणार नाहीत. पाणी सकाळी सहा ते साडेसात. सुका कचरा कुठल्या वारी न्यायला येतात. त्याच्या आत्याच्या नातवाचं बारसं रविवारी आहे, आहेर अजून घ्यायचाय. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेली असतानाही हे सगळं तिच्या डोक्यात चालू असतं. तो त्याच वेळी आपल्या मीटिंगमध्ये असतो तेव्हा फक्त मीटिंगमध्येच असतो.

संध्याकाळी किराणा दुकानातून त्याचा फोन येतो. ‘कुठली डाळ? किती आणू? सुटी की पाकिटातली?’ दुकानात तो उभा असतो, पण खरेदी तीच करत असते. त्याला मात्र वाणसामान आपण आणलं असंच वाटतं, आणि रात्री भांडण झालं की तोच दाखला तो देतो.

घरकामाला बाई लावली की प्रश्न सुटला, असंही म्हणतात. मग एवढंच सांगा, मावशींचा नंबर कुणाच्या फोनमध्ये आहे? त्यांच्या मुलीच्या परीक्षेपायी त्या लवकर जाणार आहेत, हे त्यांनी कुणाला सांगितलं? दिवाळीला बोनस किती द्यायचा, साडी द्यायची की पैसे, हे कोण ठरवतं? धुणं-भांडी मावशींकडे गेली. मावशींचा सगळा व्याप राहिला तिच्याकडे.

ही विभागणी आपोआप होत नाही, ती करवून घेतली जाते. पहिल्या आठवड्यातले फोन ऐका. मुलीची आई मुलीला विचारते, ‘सगळं जमतंय ना गं?’ मुलाची आई सुनेला विचारते, ‘आज काय केलं होतंस जेवायला? त्याला शेपू चालत नाही बरं का.’ सूनबाई ‘हो, अहो आई’ म्हणतात आणि शेपूची नोंद कायमची होते. तिला काय चालत नाही, हे मुलाला कुणी सांगत नाही. त्याचे वडील त्याला ऑफिसचं विचारतात. मित्र विचारतात, काय लेका, वजन वाढलं का? घर जमतंय का, हा प्रश्न त्याला एकाही फोनवर येत नाही.

ज्यांना ही कुरकुर वाटते त्यांनी सरकारचीच आकडेवारी पाहावी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभरातल्या माणसांच्या चोवीस तासांची नोंद केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. पुरुषांचा हा आकडासुद्धा फक्त काही काम केलेल्यांचा आहे. सहा वर्षांवरच्या शंभर पुरुषांत असे सव्वीसच निघाले, शंभर स्त्रियांत एक्याऐंशी. २०२४ मध्ये पुन्हा मोजणी झाली. स्त्रिया २८९ मिनिटं, पुरुष ८८. मधल्या काळात टाळेबंदी होऊन गेली, सगळा देश महिनोन्‌महिने घरात बसला, पुरुषांचे पोळ्या लाटतानाचे फोटो आपण कौतुकानं पाहिले. तरी पुरुषांची मिनिटं वाढली नाहीत, कमीच झाली. आणि डाळ संपत आल्याचं लक्षात ठेवणं यात कुठेही मोजलेलं नाही, कारण ते करताना बाई दुसरंच काहीतरी करताना दिसते.

‘मुलांना शिकवलेलंच नसतं, त्यांचा काय दोष,’ असं म्हणणाऱ्या आयांना माझं उत्तर आहे की मुलींनाही आता कुणी शिकवत नाही. आजची नवरी बारावीला क्लासला होती, मग हॉस्टेलला, मग नोकरीला. तिच्या घडीच्या पोळ्यांचेही नकाशेच होतात. फरक एवढाच, की तिचे नकाशे पाहून लोक सल्ले देतात आणि त्याचे नकाशे पाहून लाटणं काढून घेतात.

शिकायची सोय आपल्याकडे जुनी आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० मध्ये आलं. रमाबाई रानड्यांच्या आठवणी त्याच साली प्रसिद्ध झाल्या. अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, त्या लग्न होऊन रानड्यांच्या घरी आल्या आणि घरातल्या बायकांचा विरोध सोसत नवऱ्याकडून लिहा-वाचायला शिकल्या. ज्या काळात बायकोच्या हातात पाटी देणं पुरुषाला घरात वाद ओढवून घेणारं होतं, त्या काळात महादेव गोविंद रानड्यांनी ते केलं. आज नवऱ्यानं हातात मिसळणाचा डबा घ्यायचा आहे. यात कसलं धाडस लागतं?

१९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि आई जवळ नसलेल्या मुलींचा मोठा आधार झालं. त्यात प्रमाण वाटी-चमच्याचं. किती वाट्या डाळ, किती चमचे तेल. ‘बायकांना अंदाज उपजत असतो’ हे म्हणणं या पुस्तकानं पन्नास वर्षांपूर्वीच निकालात काढलं, कारण अंदाज उपजत असता तर वाटीची गरजच पडली नसती. ज्या मुलाला एक्सेलमध्ये तीन पानी हिशेब मांडता येतो, त्याला एक वाटी डाळीला किती पाणी हे येत नाही, हे मी मान्य करणार नाही. त्याला ते कुणी मागितलेलं नाही, म्हणून ते येत नाही.

मग वाटून कसं घ्यायचं? ‘आज तू भांडी घास, उद्या मी’ अशानं होत नाही. आजची पाळी कुणाची, हेही मग तीच लक्षात ठेवते. अख्खी जबाबदारी द्या, उगमापासून शेवटापर्यंत. वाणसामान त्याचं, तर डबे उघडून पाहण्यापासून यादी, खरेदी, डबे पुसून भरणं आणि मुंग्या लागल्या तर त्यांचा बंदोबस्तही त्याचाच. डाळ संपली तर त्या दिवशी आमटी नाही, आणि ती का नाही हे पाहुण्यांना त्यानंच सांगायचं. गॅस त्याचा, तर १४.२ किलोचं सिलिंडर आपल्याकडे किती दिवस पुरतं, नोंदवायचं कधी, आणि शेगडीची नळी पाच वर्षांनी बदलावी लागते तर आपली कधी बदलली होती, हे त्याला माहीत पाहिजे. तिच्याकडे जे असेल त्यात त्यानंही नाक खुपसायचं नाही.

इथे नव्या नवरीलाही दोन शब्द. त्यानं कोथिंबीर जाड चिरली म्हणून ती परत चिरू नका. भात गिचका झाला तर गिचका खा. डबे तुमच्या मनातल्या क्रमानं लागले नाहीत तर राहू द्या. ‘त्यापेक्षा मीच पटकन करते’ असं पहिल्या महिन्यात म्हणालात, तर ते काम तुमच्या नावावर चढलं. स्वयंपाकघराची सत्ता हातून सुटते म्हणून जीव खालीवर होणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, चांगल्या शिकल्या-सवरलेल्या. त्या सत्तेची किंमत पुढे त्यांच्याच गुडघ्यांनी आणि झोपेनं मोजली.

चवीचंही ओझं एकीवरच पडतं. कोल्हापूरची मुलगी पुण्यात आली की तिच्या आमटीत गूळ पडतो, पहिल्या आठवड्यातच. पुण्याच्या मुलाच्या ताटात कोल्हापूरची कांदा-लसूण चटणी यायला मात्र माहेरच्या पाहुण्यांची वाट पाहावी लागते. सासू-सासऱ्यांच्या घरात तर ‘आमच्याकडे असं नसतं’ हे वाक्य दाण्याच्या कुटापासून टॉवेल वाळत घालायच्या दोरीपर्यंत ऐकू येतं. तिथे मुलानं ‘आता आमच्याकडे असंही असतं’ हे आपल्या तोंडानं म्हणायचं असतं. सुनेनं म्हटलं तर ते उलट उत्तर ठरतं, मुलानं म्हटलं तर आई दोन दिवस रुसते आणि तिसऱ्या दिवशी चटणी चाखते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण मधुचंद्राच्या फोटोंत ती हमखास मागे पडतात. भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेनुसार लग्नाआधी भरलेलं नामनिर्देशन लग्नानंतर बाद होतं, नवं भरावं लागतं. दोघांनीही भरा. भाडेकरारावर दोघांची नावं घाला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं शिधापत्रिकेवर घरातली सर्वांत मोठी सज्ञान स्त्री कुटुंबप्रमुख ठरवली, पण आपल्या नव्या घरांत वीजबिलापासून वायफायपर्यंत सगळं त्याच्या नावावर आणि भाजी तेवढी तिच्या नावावर असते. दागिने ‘सांभाळायला’ म्हणून सासूबाईंच्या लॉकरमध्ये जातात. स्त्रीधन हे बायकोचंच, त्यावर नवऱ्याची भागीदारी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं आहे. लॉकर तिच्या नावानं घ्या. यात अविश्वास कुणावरच नाही.

आणि मग पहिल्या वर्षाचे सण. पहिली मंगळागौर, पहिली संक्रांत, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू, पहिला दिवाळसण. यातला आनंद मला मनापासून हवा आहे. फुगड्या, झिम्मा, रात्रभर जागवलेली मंगळागौर हे फार सुंदर आहे. पण रजा कुणाची जाते? मंगळागौरीला ती रजा टाकते, पत्री गोळा करते, वाणाच्या वस्तू मोजते आणि दुसऱ्या दिवशी लाल डोळ्यांनी कामावर जाते. अधिक महिन्यात तोच मुलगा सासुरवाडीला जावई म्हणून पाटावर बसतो, तेहेतीस अनारसे आणि चांदीचं ताम्हन घेऊन परततो. २०२३ चा अधिक श्रावण असो की २०२६ चा अधिक ज्येष्ठ, पद्धत तीच. अनारशाचं पीठ तीन दिवस तांदूळ भिजवून कुणी केलं, हे त्याला विचारून पाहा. जावयाचा मान ठेवा, मला आक्षेप नाही. पण पहिल्या मंगळागौरीला रजा त्यानंही टाकावी, बायकांचा फराळ त्यानं वाढावा आणि पहाटे उष्टी-खरकटी त्यानं काढावी.

खरी परीक्षा पुढे असते. मुलाची आई आठवडाभर राहायला येते. दमून-भागून आलेली, आयुष्यभर एकटीनं घर ओढलेली बाई. लेकाला कणीक मळताना पाहून तिला गलबलून येतं. ‘अरे सोड, मी आहे ना,’ म्हणते आणि परात ओढून घेते. त्या क्षणी बहुतेक मुलगे हात धुतात. तीन महिन्यांचं शिक्षण आठवड्यात वाया जातं आणि आई परत गेल्यावर परात थेट बायकोकडे येते. आईवर रागावू नका, तिला दुसरं कुणी शिकवलंच नाही. तिला खुर्चीवर बसवा, चहा द्या, आणि सांगा, ‘आई, या घरात कणीक माझ्याकडे असते.’ ती दोनदा उठेल. दोनदा बसवा.

आणि बायकोनं तेव्हा ओट्याकडे जायचं नाही. सासूबाईंच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसायचं.