बेल्ट सुटला, सर!

शिस्तीबद्दल माझं मत कायमच फार चांगलं होतं. ती दुसऱ्याला लावायची असते, या समजुतीवर ते भक्कम उभं होतं. चिरंजीवांना कराटेला घातलं तेही त्यापायीच. पण फी भरताना सर म्हणाले, "तुम्हीपण या की. पोट उतरेल." आता चार पालकांसमोर पोटाचा विषय निघाल्यावर माणूस 'नको' तरी कुठल्या तोंडानं म्हणणार?

तर शाळेच्या हॉलमध्ये, दुसरी-तिसरीतल्या पोरांच्या मागे, पांढरा बेल्ट बांधून मी उभा राहू लागलो. सरांची शिस्त म्हणजे शिस्त. होकार, नमस्कार सगळ्याला एकच शब्द, 'ओस'. तो खणखणीत म्हटल्याशिवाय पाणीसुद्धा नाही. 'सेइझा' म्हटलं की गुडघे मुडपून टाचांवर बसायचं. पोरं टपाटप बसत. मी हप्त्याहप्त्यानं बसे आणि पूर्ण टेकायच्या आत उठायची आज्ञा होई. एकाला उशीर झाला की सगळ्यांना मुठींवर जोर. उशीर बहुधा मलाच होई. मी दारात दिसलो की पोरं हुकमाची वाट न बघता मुठी टेकायला लागत. त्यातले एक चिरंजीव. तेव्हा ते मला ओळख दाखवत नसत.

एक नियम मात्र मला मनापासून पटला. बेल्ट सुटला तर सरांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बांधायचा. हा नियम ज्यानं केला तो नक्की माझ्याच बांध्याचा असणार. जोर सुरू झाले रे झाले की माझा बेल्ट सुटे आणि गाठ काही केल्या जमत नसे. समोर पाढ्यांचा तक्ता होता. कराटे कितपत आलं ते विचारू नका, पण एकोणतिसापर्यंतचे पाढे मला आजही तोंडपाठ आहेत.

लाथ मारताना पायाची बोटं कशी ठेवायची, हे विचारायचं माझ्या फार मनात होतं. एकदा "सर, बोटं..." एवढं म्हणालोही. "आधी ओस!" मी ओस म्हणालो. मग रांगेत बोलल्याबद्दल जोर झाले. सरांचं 'इचि, नि, सान' मोजणं सुरू होतं आणि डोळे मोबाइलवर होते.

ही कराटेच्या माहेरची, ओकिनावाची, प्राचीन परंपरा, असं समजून मी सगळं सोसत होतो. मग फुनाकोशींबद्दल वाचलं. १९२२ मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक दाखवून कराटे जपानभर नेणारे हे गृहस्थ तरुणपणी रात्री आपल्या गुरूंच्या, आझातोंच्या, घरी जाऊन अंगणात शिकत. एकच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची एकच मालिका, महिनोन्महिने. आझातो ताठ बसून बघत आणि म्हणत, पुन्हा कर. कडक होतेच, पण नजर शिष्याच्या पायांवर. रांगा आणि आकड्यांचा घोष पुढे त्यांच्या दुसऱ्या गुरूंनी, इतोसूंनी, कराटे शाळांत नेलं तेव्हाचे. १९०८ च्या पत्रात इतोसूंनी कराटेचा सैन्याला होणारा उपयोगही सांगितला होता. वर्गभर पोरं एकदम हलवायची म्हणजे तेच सोयीचं. थोडक्यात, हा पी.टी.चा तास होता! शाळेत जो चुकवण्यात माझी हुशारी खर्च झाली, तोच मी चाळिशीत पैसे मोजून करत होतो.

बेल्टच्या परीक्षेत मी पॅडवर लाथ हाणली. ओस इतका दणदणीत झाला की बाहेरचे पालक दचकले. पाठोपाठ अंगठ्यातून कळ आली आणि ओसचा ओरडा झाला. परीक्षकांनी जोश वाखाणला. अंगठ्याचा वांग्यासारखा रंग मात्र घरी गेल्यावर दिसला.

सूज उतरल्यावर मला आणखी लहान मुलांच्या बॅचला, कॉलेजातल्या एका ब्लॅक बेल्टवाल्या ताईकडे पाठवलं. ती उकिडवी बसली, माझा पाय बघत राहिली आणि म्हणाली, "काका, बोटं वर ओढा. चवड्यानं मारायचं असतं." एवढंच! मग भिंत धरून, सावकाश, एक लाथ. "पुन्हा." आणखी एक. "बोट खाली आलं. पुन्हा." आवाज चढत नव्हता, पण सुटकाही होत नव्हती. सरांच्या जोरांत निम्मे गाळले तरी खपायचे, इथे करंगळीसुद्धा हिशोबात धरली जात होती.

शेवटी मी हुकमी उपाय काढला. "बेल्ट सुटला," म्हणालो आणि भिंतीकडे वळलो.

ती पुढे आली, बेल्ट दोनदा फिरवून करकचून गाठ मारली आणि म्हणाली, "आता नाही सुटायचा. चला, उजवा पाय."

तिसाचा पाढा तेवढा राहिला.